बेथेल, बरणी आणि न्यू मॉल्डन

टिळकांवरचा १९०८ चा खटला आपल्याला शाळेपासून माहीत असतो. २४ जूनला मुंबईत अटक, २२ जुलैला निकाल, सहा वर्षं मंडाले. गुन्हा काय, तर अग्रलेख. त्याच जून महिन्यात, टिळकांच्या अटकेच्या आठवडाभर आधी, सोलमध्येही एक संपादक अग्रलेखांपायी कोर्टात उभा होता. कोर्ट ब्रिटिश, न्यायाधीश ब्रिटिश आणि आरोपीसुद्धा ब्रिटिश. अर्नेस्ट बेथेल त्याचं नाव. त्याला शिक्षा झाली तीन आठवड्यांची, तीही साधी कैद, शांघायला नेऊन.

तीन आठवडे आणि सहा वर्षं. या दोन आकड्यांमधलं अंतर कशाचं आहे ते मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. मला जास्त कुतूहल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ब्रिटिश सरकारला परक्या राजधानीत आपल्याच माणसावर खटला भरायची वेळ का यावी?

बेथेल मूळचा ब्रिस्टलचा. तरुणपणी जपानमधल्या कोबे बंदरात व्यापार करायचा. १९०४ मध्ये रशिया-जपान युद्ध पेटलं तेव्हा लंडनच्या 'डेली क्रॉनिकल'चा बातमीदार म्हणून तो कोरियात आला. ती नोकरी फार टिकली नाही, पण गडी परत गेला नाही. यांग गी-ताक या कोरियन पत्रकाराला जोडीला घेऊन त्यानं सोलमध्ये स्वतःचं वर्तमानपत्र काढलं, 'देहान मेइल सिनबो', आणि त्याची इंग्रजी आवृत्तीही. जपानचा पंजा तेव्हा कोरियाभोवती आवळत चालला होता. कोरियन मालकांच्या पत्रांवर सेन्सॉरची कात्री चालायची. बेथेलच्या पत्रावर चालत नव्हती, कारण १८८३ च्या तहाप्रमाणे ब्रिटिश माणसाचा न्यायनिवाडा ब्रिटिश कोर्टातच व्हायचा. कायद्याच्या या एवढ्याशा फटीतून ते पत्र जपानला झोडपत राहिलं. लिहिणारे कोरियन, ढाल बेथेलच्या नागरिकत्वाची. १९०७ मध्ये जपानकडून घेतलेलं १ कोटी ३० लाख वॉनचं कर्ज लोकवर्गणीतून फेडायची चळवळ उभी राहिली. पुरुषांनी तंबाखू सोडली, बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. ती वर्गणी गोळा करण्यातही हे पत्र पुढे होतं. आपल्याकडे त्याच सुमाराला पैसा फंडाच्या वर्गणीतून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहत होता. दोघांना एकमेकांची गंधवार्ता असण्याचं कारण नाही, पण गरीब देशांच्या कल्पना किती सारख्या निघतात बघा.

जपाननं लंडनकडे तक्रार केली, आणि लंडननं ती मनावर घेतली. का घेतली ते कळायला १९०५ चा ब्रिटन-जपान तह वाचावा लागतो. त्याच्या तिसऱ्या कलमात कोरियावर हवा तसा ताबा ठेवायला ब्रिटननं जपानला मोकळीक दिली आहे. आणि लगेच चौथ्या कलमात हिंदुस्थानच्या सरहद्दीच्या रक्षणासाठी ब्रिटन जे काही करील त्याला जपाननं मान डोलावली आहे. कोरिया आणि आपण असे एका कागदावर, एकाखाली एक. मला हे कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकात शिकवलेलं आठवत नाही.

१९०७ आणि १९०८ अशा दोन खटल्यांनंतर बेथेल खचला नाही, पण तब्येत खचली. १९०९ च्या मे महिन्यात, छत्तिसाव्या वर्षी, तो सोलमध्येच गेला. हान नदीच्या काठाजवळ, यांगह्वाजिनच्या परदेशी दफनभूमीत त्याची कबर आहे. कामानिमित्त सोलला गेले होते तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून गेले. हाप्जंग स्टेशनपासून चालत जाता येतं. कबरीवरचा उभा दगड लांबून साधाच वाटतो. जवळ गेलं की दिसतं, त्याच्यावर अक्षरं होती ती छिन्नीनं उडवून टाकलेली आहेत. जांग जी-यॉन या संपादकानं लिहिलेला गौरवलेख होता तो. जपानी राजवटीत खरवडून काढला गेला. १९६४ मध्ये कोरियन पत्रकारांनी शेजारी छोटा दगड उभारून तोच मजकूर पुन्हा कोरला. खरवडलेला दगड मात्र त्यांनी काढला नाही. ते बरं केलं. मी नव्या दगडापेक्षा त्या जुन्याकडेच जास्त वेळ बघत होते.

मुंबईत आपण हॉर्निमन सर्कलवरून रोज जातो-येतो. 'बॉम्बे क्रॉनिकल'चा तो संपादकही इंग्रजच होता, आणि जालियनवाला बागेच्या बातम्या छापल्याबद्दल त्याला १९१९ मध्ये बोटीत बसवून परत पाठवलं होतं. बेथेल हा कोरियाचा हॉर्निमन, असं मी घरी सांगितलं तर लगेच समजलं.

पण असे दोन-चार सोडले, तर त्या काळातल्या ब्रिटननं कोरियाकडे जे पाहिलं ते जपानच्या खिडकीतून. राजकारण्यांनी तर पाहिलंच. चांगल्या मनाच्या, रसिक माणसांनीही तसंच पाहिलं, आणि हे मला एका बरणीमुळे कळलं.

ब्रिटिश म्युझियममध्ये ६७ नंबरच्या दालनात कोरियाचा संग्रह आहे. तिथे एका काचेमागे पांढरी, गरगरीत पोटाची चिनीमातीची बरणी ठेवली आहे. अशा बरणीला 'मून जार', म्हणजे चंद्रबरणी म्हणतात. उंची सत्तेचाळीस सेंटिमीटर. नक्षी नाही, रंग नाही, काही नाही. आई लंडनला आली होती तेव्हा तिला घेऊन गेले. मोठ्या कौतुकानं म्हटलं, ही बघ, जगप्रसिद्ध आहे. आईनं डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, ही बसलीय एका अंगानं. भाजताना कललीय." मग जरा थांबून, "आणि झाकण कुठंय?" आमच्या घरी लोणच्याच्या बरण्या आजीच्या काळापासून आहेत, विकत घेताना बोटाच्या पेरानं वाजवून, काठावरून तळहात फिरवून घ्यायची पद्धत. मध्ये काच होती म्हणून बरं.

आईचं निरीक्षण बिनचूक होतं. ही बरणी एका घडणीत झालेलीच नाही. सतराव्या-अठराव्या शतकात जोसॉन राजवटीत, सोलजवळच्या ग्वांगजूच्या राजभट्ट्यांमध्ये अशा बरण्या व्हायच्या. पांढरी चिनीमाती चाकावर एवढी मोठी उचलली की स्वतःच्याच वजनानं खाली बसते. म्हणून दोन मोठे वाडगे वेगवेगळे घडवायचे, थोडे आवळू द्यायचे, आणि मग एकावर दुसरा पालथा घालून काठाला काठ लावून पातळ मातीनं सांधायचा. सांधा बाहेरून पुसून घेतात. पण भट्टीत माती मऊ पडते तेव्हा तो सांधा आपलं अस्तित्व दाखवतोच. पोटावर कुठेतरी एक अस्पष्ट कंगोरा येतो, एक बाजू थोडी सुटते, दुसरी थोडी दबते. मी रविवारी एका मातीकामाच्या वर्गाला जाते, तिथे अशी जोडणी करून पाहिली आहे. दोन्ही काठ एकाच वेळी एकाच ओलीचे असावे लागतात. वरचा वाडगा थोडा जरी जास्त सुकलेला असला की सांध्यावर केसासारखी चीर उमटते, आणि ती दिसते थेट भाजून झाल्यावर.

ही बरणी लंडनला आणली बर्नार्ड लीचनं. कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्‌सचा हा कुंभार म्हणजे इंग्लंडच्या आधुनिक मातीकामाचा आजोबाच. जन्म हाँगकाँगचा, सगळं घडणं जपानमध्ये. १९२० मध्ये हामादा शोजी या जपानी कुंभाराला बरोबर घेऊन त्यानं सेंट आइव्ह्‌सला भट्टी घातली. १९३५ मध्ये तो सोलला गेला आणि तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून त्यानं ही बरणी घेतली. कोरियाची आणि त्याची गाठ घालून दिली होती यानागी सोएत्सू या त्याच्या जपानी मित्रानं.

यानागी हा सरळ प्रशंसा किंवा सरळ टीका करून सोडून देण्यासारखा माणूस नाही. जपानच्या लोककला चळवळीचा तो जनक. १९१९ मध्ये कोरियात स्वातंत्र्याची चळवळ उठली आणि जपाननं ती चिरडली, तेव्हा जपानी वर्तमानपत्रात कोरियन लोकांच्या बाजूनं लिहिणाऱ्या थोड्यांपैकी तो एक. सोलच्या राजवाड्याचं ग्वांगह्वामुन हे महाद्वार पाडायचं घाटत होतं, त्याविरुद्ध १९२२ मध्ये त्यानं लेख लिहिला. द्वार पाडायच्या ऐवजी दुसरीकडे हलवलं गेलं. त्याची बायको कानेको गायिका होती. तिनं कोरियात गाण्याचे कार्यक्रम केले, आणि १९२४ मध्ये यानागीनं सोलमध्ये कोरियन लोककलांचं संग्रहालय उभं केलं. एवढं सगळं केलेल्या माणसानं कोरियन कलेबद्दल सिद्धान्त काय मांडला, तर ही दुःखाची कला आहे. पांढरा रंग शोकाचा, रेषा खिन्न, कारण हे लोक सतत आक्रमणं सोसत आलेले.

पुढच्या पिढीतल्या कोरियन अभ्यासकांनी यावर सडकून टीका केली, आणि मला ती पटते. ज्याच्या देशानं तुमच्या मानेवर पाय ठेवलाय, त्यानंच तुमच्या भांड्यांत करुण रस शोधावा, हे काहीतरी विचित्रच. ही बरणी घडली तेव्हा कोरिया कुणाच्या ताब्यात नव्हता. पांढऱ्याची आवड होती ती कन्फ्यूशियस मानणाऱ्या दरबाराची: भपका नको, नटवेपणा नको. म्हणजे अभिरुची होती, ठरवून जोपासलेली. तिला दुःख म्हणायचं म्हणजे समोरच्याला स्वतःची आवडनिवड असू शकते हेच नाकारायचं. आमच्या आईला त्या बरणीत दुःख दिसलं नाही. कललेली दिसली.

लीचनं बरणी घेतली ती हीच खिडकी उघडून. पण बरणीचं पुढचं आयुष्य गेलं दुसऱ्याच माणसाकडे, आणि तो भाग मला फार आवडतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लीचनं ती ल्यूसी रीकडे सोपवली. (बॉम्ब पडत असलेल्या लंडनमध्ये चिनीमातीची बरणी सांभाळायला द्यायची, ही अक्कल कुंभारांनाच सुचावी.) ल्यूसी री व्हिएन्नाची ज्यू. १९३८ मध्ये नाझींपासून पळून लंडनला आली आणि हाइड पार्कजवळ अल्बियन म्यूज नावाच्या बोळात, घोड्यांच्या जुन्या तबेल्यात बिऱ्हाड आणि कामाची जागा एकत्रच थाटली. युद्धाच्या काळात पोटासाठी मातीची बटणं बनवायची, बायकांच्या कपड्यांना लावायची. तिची भांडी पातळ, नाजूक, शहरी. लीचनं सुरुवातीला ती पाहून नाक मुरडलं. भांडं कसं हवं, वजनदार, मातीशी इमान राखणारं, असं त्याचं मत. काही काळ बिचारीनं त्याच्यासारखं करूनही पाहिलं. मग हान्स कोपर हा दुसरा निर्वासित तिच्याकडे कामाला आला, त्यानं तिला सांगितलं की तुझं तूच कर. तिनं केलं.

आणि एवढ्या सगळ्यात ती बरणी तिच्या खोलीत होती. असं सांगतात की लीच पुढे ती परत न्यायला आला, पण तिथे ती इतकी शोभत होती की म्हणाला, राहू दे. राहिली. तिच्याकडे येणाऱ्यांना कॉफी आणि तिनं स्वतः भाजलेला केक मिळायचा, आणि कोपऱ्यात ही पांढरी बरणी दिसायची. १९८९ मध्ये लॉर्ड स्नोडननं काढलेला फोटो आहे: पांढऱ्या कपड्यातली लहानखुरी म्हातारी आणि शेजारी गरगरीत बरणी.

ल्यूसी रीनं अर्धं शतक कोरियन बरणीशेजारी बसून काम केलं आणि एकही कोरियन बरणी बनवली नाही. पूर्वेचं तत्त्वज्ञान सांगणारा ग्रंथ लिहिला नाही. तिच्या भांड्यांत बरणीची नक्कल शोधायला गेलात तर सापडत नाही. कुणी म्हणेल, मग देवाणघेवाण कसली झाली? मला वाटतं, लीचपेक्षा जास्तच झाली. परक्याची वस्तू घरात ठेवावी, रोज बघावी आणि तिच्या वतीनं बोलू नये, हे जमायला वेगळाच पीळ लागतो. ती १९९५ मध्ये गेली. बरणी लीचच्या बायकोकडे, जॅनेटकडे गेली, आणि तिच्या पश्चात १९९९ मध्ये ब्रिटिश म्युझियमनं ती विकत घेतली. पैसे दिले एका कोरियन उद्योगपतीनं, हान क्वांग-हो यांनी. कोरियन माणसानं पैसे मोजून कोरियन बरणी लंडनमध्येच ठेवली, याच्यावर वाद घालता येईल. मी घालणार नाही, कारण मला ती शनिवारी फुकट बघायला मिळते.

लीचसारखे सगळेच नव्हते, हेही सांगायला हवं. एलिझाबेथ कीथ ही स्कॉटिश चित्रकार १९१९ मध्ये, चळवळ चिरडली जात असताना कोरियात पोचली. तिनं काढलेली माणसं, म्हातारे पंडित, नवऱ्या, विधवा, नीट स्वतःच्या तोऱ्यात बसलेली आहेत. कुणी कीव करावी अशी दिसत नाहीत. आणि अँग्लिकन मिशनऱ्यांचं तर काय सांगावं. गांगह्वा बेटावर त्यांनी १९०० मध्ये चर्च बांधलं ते कोरियन कौलारू वास्तूत, बौद्ध मंदिर समजून माणसं चुकावीत असं. नंतर सोलमध्ये बांधलं ते मात्र रोमनेस्क दगडी. १९२६ मध्ये पैसे संपल्यानं अर्धवट राहिलं आणि मूळ नकाशे इंग्लंडमध्ये सापडल्यावर १९९६ मध्ये पुरं झालं. गांगह्वाचं मला कितीतरी अधिक सुंदर वाटतं. तिथे लाकडी खांबांच्या सावलीत बसलं की गाभारा आणि सभामंडपच आठवतात.

कोरियन युद्धाबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण त्यावर लिहिणारे जाणकार पुष्कळ आहेत. १९५१ च्या एप्रिलमध्ये इमजिन नदीच्या काठावर ब्रिटिशांची ग्लॉस्टर पलटण चिनी फौजेच्या वेढ्यात सापडली आणि जवळजवळ संपली, ते इंग्लंडमध्ये अजून आठवतात. त्याच युद्धात ब्रिटिश कॉमनवेल्थ ब्रिगेडबरोबर भारताची ६० वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स होती, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांची. आपली माणसं तिथे बंदुका घेऊन नाही, पट्ट्या आणि रक्ताच्या बाटल्या घेऊन गेली होती. ते आपण विसरलो. कोरियन विसरलेले नाहीत.

आता न्यू मॉल्डन. वॉटर्लूहून गाडी पकडली की अर्ध्या तासाच्या आत येतं. नैर्ऋत्य लंडनचं तसं सपक उपनगर: लाल विटांची घरं, छाटलेली कुंपणं. पण हाय स्ट्रीटवर पाट्या कोरियन. पूर्वी कोरियन राजदूताचं निवासस्थान या भागात होतं, मग सॅमसंगचं कार्यालय आलं, मग माणसांमागून माणसं आली. आज युरोपातल्या मोठ्या कोरियन वस्त्यांपैकी ही एक. आणि जी गोष्ट कोरियाबाहेर फारशी दिसत नाही ती इथे दिसते. उत्तर कोरियातून पळून आलेली शेकडो माणसं याच गल्ल्यांत राहतात, दक्षिणेतल्या लोकांच्या दुकानांत काम करतात, त्यांच्याच चर्चमध्ये जातात, आणि पगारावरून त्यांच्याशीच भांडतात. २०२३ च्या नोव्हेंबरात राजे चार्ल्स इथे येऊन गेले, दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष लंडनला यायच्या आधी.

मी तिथे जाते ती भाजीला. थंडीच्या तोंडावर लांबट कोबीचे खोके दुकानाबाहेर छातीपर्यंत रचलेले असतात, आणि बायका एकेक गड्डा उचलून बुडाशी अंगठ्यानं दाबून बघतात. आपल्या मंडईतली ती नजर मला तिथे भेटते. किमची घ्यायची तर शाकाहारी माणसाची पंचाईत, कारण बहुतेक किमचीत खारवलेली कोळंबी किंवा माशाचं पाणी असतंच. दुकानातल्या बाईंना मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्या विचारात पडल्या. मग म्हणाल्या, देवळातली घ्या. बौद्ध भिक्षूंची किमची, तिच्यात मासे नाहीत आणि कांदा-लसूणही नाही. म्हटलं, वा, चातुर्मासाला चालेल. हे मात्र त्यांना काही केल्या समजावता येईना. दोघींनी नाद सोडला आणि त्यांनी पिशवीत एक जास्तीचा मुळा घातला.

२०२२ च्या सप्टेंबरात व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं कोरियन लाटेवर मोठं प्रदर्शन भरवलं. सिनेमे, मालिका, गाणी, सौंदर्यप्रसाधनं, फॅशन. याच म्युझियमच्या वरच्या मजल्यावर ल्यूसी रीची कामाची खोली जशीच्या तशी मांडून ठेवली आहे. खाली रांग वळणावळणानं बाहेर गेलेली, वर शुकशुकाट. रांगेत अर्ध्याहून अधिक पोरीच होत्या, आणि त्यांतल्या कुणालाही कोरिया समजून घ्यायला मध्यस्थ लागत नव्हता. गाणं तिकडून निघतं आणि थेट फोनवर येतं. मध्ये टोकियो नाही, सेंट आइव्ह्‌स नाही.

माझी भाची नाशिकला असते, बीटीएस या कोरियन पॉप बँडची कट्टर भक्त. परवा तिचा निरोप आला: "मावशी, लंडनमध्ये एक जुनी मून जार आहे ना? बघितलीस का?" मी उडालेच. हिला कुठून माहीत? तर बीटीएसचा आरएम क्वोन दे-सप नावाच्या आजच्या कोरियन कुंभाराची तशीच बरणी मिठीत घेऊन बसलाय, असा त्याचा २०१९ मधला फोटो. तिथून ही शोधत शोधत सोलच्या संग्रहालयापर्यंत, चित्रकार किम ह्वान-गीच्या चंद्रबरण्यांच्या चित्रांपर्यंत, आणि मग ६७ नंबरच्या दालनापर्यंत पोचलेली. मला भरून आलं. मी तिला लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला: यानागीनं काय केलं, लीचनं ती कुठून आणली, ल्यूसी रीनं कशी सांभाळली.

दोन मिनिटांत उत्तर आलं.

"लीच कोण?"